मारधाडीचे ब्लॉकबस्टर गेम आणि कलेतलं प्रौढपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या बजेटच्या हिंसक गेमबद्दल चांगलं काही लिहिलं की ठरावीक प्रश्न येतातच. काही कुतूहलाने, काही काळजीने, काही निव्वळ खवचटपणे. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. एक इशारा: गेमचे शेवट सांगितल्याशिवाय हा विषय बोलताच येत नाही, तेव्हा प्रश्न ४ पासून पुढे रहस्यं फुटतील.

१. पाकिटावरच ‘मॅच्युअर’ छापलेलं असतं. मग गेम परिपक्व आहे की नाही हा वाद कशाला?

तो शिक्का वयाचा आहे. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या गेमवरून अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. सरकार कायदा करेल या धास्तीने गेम उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःच ईएसआरबी ही मानांकन संस्था उभी केली. तिच्या लेखी ‘एम’ म्हणजे वय १७ आणि पुढे. युरोपात २००३ पासून पेगी ही तशीच संस्था आहे, तिथली सगळ्यात वरची पायरी १८ ची. पडद्यावर शिव्या, नग्नता, रक्त किती आणि कसं येतं, हे या संस्था बघतात. रक्त कशासाठी सांडलं हे विचारणं त्यांचं मुख्य काम नाही. ‘एम’चा शिक्का असलेले कितीतरी गेम तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून उतरल्यासारखे असतात.

२. ब्लॉकबस्टर म्हणजे नेमके कोणते गेम?

शेकडो, कधी हजारो माणसं कित्येक वर्षं राबतात आणि मग खर्च वसूल व्हायला लाखो प्रती खपाव्याच लागतात, असे. टोकाचं उदाहरण २०१३ चं ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’: आजवर २० कोटींहून जास्त प्रती. छोट्या, स्वतंत्र गेमचा विषय प्रश्न १२ मध्ये.

३. गेम ही कला होऊच शकत नाही, असं एका मोठ्या समीक्षकाने म्हटलं होतं ना?

हो, अमेरिकेतले चित्रपट समीक्षक रॉजर इबर्ट यांनी, एप्रिल २०१० मध्ये. त्यांचा मुद्दा असा की गेमला नियम असतात, उद्दिष्ट असतं, तो जिंकता येतो; कलाकृती जिंकता येत नाही, ती फक्त अनुभवता येते. खूप गदारोळ झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी, गेमचा अनुभव नसताना आपण तो लेख लिहायला नको होता, असं मान्य केलं. मूळ मत मात्र सोडलं नाही.

मला इबर्ट यांचा आक्षेप अजूनही उपयोगाचा वाटतो. जिंकण्याची ओढ आणि दुःखाची जाणीव एकाच हातात कशी राहणार, हा प्रश्न खराच आहे, आणि चांगले गेम याच प्रश्नाशी झगडतात.

बाकी अधिकृत शिक्के भरपूर आहेत. जून २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. पुस्तकांना आणि नाटकांना जे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे तेच गेमनाही आहे, असा तो निकाल. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १४ गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यात ‘टेट्रिस’ आहे, ‘पॅक-मॅन’ आहे. युद्धाचा गाजलेला शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, एकही नाही. म्हणजे गेमला दार उघडलं, बंदुकीला दाराबाहेर ठेवलं. आणि न्यायालयाचं संरक्षण तर भिकार गेमलाही मिळतं.

४. मग हिंसक गेममधलं प्रौढपण ओळखायचं कसं?

कथा बाजूला ठेवा आणि स्वतःच्या हातांकडे बघा. चित्रपटात खून होताना आपण पाहतो. गेममध्ये बटण आपण दाबतो. त्या बटणाला गेमने काही अर्थ दिलाय का, एवढंच मी तपासतो.

‘मेटल गिअर सॉलिड ३’ हा २००४ चा गेम घ्या. शेवटी नायकाला आपल्या गुरूला, ‘द बॉस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीला मारायचं असतं. लढाई संपते. पांढऱ्या फुलांच्या शेतात ती पडलेली, तो बंदूक रोखून उभा, आणि कॅमेरा लांब जातो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा पुढचं आपोआप होईल म्हणून कंट्रोलर मांडीवर ठेवून बसलो होतो. काहीच होईना. मग लक्षात आलं की चाप मलाच ओढायचाय. त्याआधी याच गेममध्ये एक नदी लागते. तुम्ही वाटेत ज्यांना ज्यांना मारलं ती माणसं त्या नदीतून भूत होऊन तुमच्या अंगावर चालत येतात. लपतछपत, कुणाला न मारता आलेल्याची नदी जवळजवळ मोकळी असते. मारत सुटलेल्याची संपता संपत नाही. गेम तोंडाने उपदेश करत नाही, हिशोब तेवढा पुढ्यात मांडतो.

दुसरं उदाहरण २००५ चं ‘शॅडो ऑफ द कोलोसस’. मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी एक तरुण १६ महाकाय प्राण्यांना मारायला निघतो. मध्ये किरकोळ शत्रू कुणीच नाहीत, नुसतं रिकामं माळरान. त्यातले काही प्राणी तर तुमच्या वाटेलाही जात नाहीत. एकेक कोसळतो तेव्हा विजयाचा नव्हे, शोकाचा सूर वाजतो आणि काळे धागे येऊन तरुणाच्या अंगात घुसतात. तो दर वेळी थोडा अधिक मळकट, अधिक आजारी दिसू लागतो. हे कुणी बोलून दाखवत नाही. तुम्हाला पुढचा प्राणी शोधायची घाई असते, आणि त्या घाईचीच हळूहळू लाज वाटायला लागते.

५. जितकं बीभत्स, तितकं वास्तव, असं नाही का? खरी हिंसा घाणेरडीच असते.

बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा. म्हणजे मन मागे हटलं पाहिजे. पण बहुतेक गेममध्ये कवटी फुटते ती बक्षीस म्हणून: वेळ मंदावतो, आवाज घुमतो, कोपऱ्यात गुण वाढतात. मन मागे हटत नाही, पुढच्या डोक्याकडे धावतं. हा वीररसच, वरून रक्ताचा हात मारलेला.

आपल्याकडे महाभारताचं युद्ध अठरा दिवसांत आटोपतं आणि मग स्त्रीपर्व येतं. गांधारी रणभूमीवर येते, प्रेतं ओळखत फिरते, आणि जिंकलेल्यांनाही ते ऐकून घ्यावं लागतं. बहुतेक ब्लॉकबस्टर गेममध्ये कुरुक्षेत्र भव्य असतं. स्त्रीपर्व मात्र नसतंच.

६. कथेतला नायक हळवा, आणि खेळताना मात्र शेकडो माणसं मारायची. याला काही नाव आहे का?

आहे, आणि ते फारच बोजड आहे: ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स, म्हणजे खेळ आणि कथा यांचा विसंवाद. क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरने २००७ मध्ये ‘बायोशॉक’वर टीका करताना तो शब्द वापरला. त्यांचं म्हणणं होतं की गेमचे नियम स्वार्थ साधायला सांगतात आणि कथा मात्र दुसऱ्याच्या मदतीला धावायला भाग पाडते. पुढे लोकांनी शब्दाचा अर्थ सैल केला. आता तो बहुतेकदा ‘गोड नायक, ढीगभर प्रेतं’ एवढ्यासाठी वापरला जातो.

२०१३ चं ‘टूम रेडर’ आठवा. तरुण नायिका लारा पहिल्यांदा माणूस मारते तेव्हा हादरून जाते, थरथरते. प्रसंग छान उभा केलाय. पण थोड्याच वेळात ती डझनांनी माणसं टिपत असते, आणि हेडशॉटबद्दल, म्हणजे थेट डोक्यात गोळी घातल्याबद्दल, तिला जास्तीचे गुण मिळत असतात. २०१६ च्या ‘अनचार्टेड ४’ने तर याची थट्टाच केली: १००० शत्रू मारले की मिळणाऱ्या ट्रॉफीला या विसंवादाचंच नाव दिलं. हसू येतं. पण आपली खोड हसून कबूल केली म्हणून ती सुटत नाही.

असं का होतं याचं कारण लेखकाच्या आळसापेक्षा यंत्रात जास्त आहे. नेम धरणं, गोळी लागणं, शत्रू पडणं हे सगळं सेकंदभरात घडतं, हाताला लगेच उत्तर मिळतं, आणि तेच शंभर वेळा केलं तरी कंटाळा येत नाही. समजूत घालणं, माफी मागणं, वाट बघणं यांचा इतका हुकमी खेळ अजून कुणाला जमलेला नाही. वीसेक तासांचा ऐवज भरायचा म्हटलं की स्टुडिओ बंदुकीकडे वळतो.

७. ‘द लास्ट ऑफ अस’चं एवढं कौतुक कशासाठी? कथा तर बेतशीरच वाटली.

बेतशीर आहेच. साथीने जग मोडलंय, मुलगी गमावलेला जोएल एलीला देशभर घेऊन जातो. तिला संसर्ग होत नाही, म्हणून तिच्यापासून औषध बनेल अशी आशा. २०१३ च्या त्या गेमचं मोल शेवटच्या तासाभरात आहे. औषधासाठी एलीचा जीव जाणार हे कळल्यावर जोएल रुग्णालयात घुसतो आणि आडवा येईल त्याला मारतो. शस्त्रक्रियेच्या खोलीतला डॉक्टर तर हातात छोटीशी सुरी घेऊन उभा असतो. तिथे दुसरा पर्याय नाही.

आतापर्यंत ज्या कौशल्याने तुम्ही एलीला वाचवत आलात, तेच कौशल्य इथे वापरता, आणि हात तितकेच सराईत चालतात. फरक इतकाच की आता समोर राक्षस कोण आहे ते सांगता येत नाही. त्यानंतर जोएल एलीशी खोटं बोलतो, ती एका शब्दात ते मान्य करते, आणि गेम संपतो. मोठा खलनायक नाही, स्फोट नाही. इतका महाग गेम इतक्या हळू आवाजात संपवायला धाडस लागतं.

८. दुसऱ्या भागावर लोक एवढे का चिडले? तो परिपक्व की नुसता क्रूर?

दोन्ही. २०२० च्या या भागात सुरुवातीलाच जोएलचा निर्घृण खून होतो आणि एली सूडाला निघते. मग जवळजवळ निम्म्या वाटेवर गेम तुमच्या हातातून एलीला काढून घेतो आणि खून करणाऱ्या ॲबीला देतो. तिचा बाप म्हणजे पहिल्या भागातला तो डॉक्टर. जिचा तुम्ही मनापासून द्वेष करत होता तिच्याच पायांनी चालायचं, तिच्या मित्रांना ओळखायचं, ज्यांना तुम्ही एलीच्या हाताने आधीच मारलंय. काहींना ही फसवणूक वाटली. मला हे या गेमचं सगळ्यात मोठं धैर्य वाटतं.

क्रूरपणा दुसरीकडे आहे. शत्रू पडला की त्याचा साथीदार त्याला नावाने हाक मारतो, कुत्र्यांनासुद्धा नावं आहेत. एकदा-दोनदा काळजात चर्र होतं. विसाव्यांदा ते नाव म्हणजे शत्रू कुठे उभा आहे याची खूण होऊन बसतं. वर तुम्ही सुटे भाग गोळा करून बंदूक सुधारत असता, आणि ती सुधारणा भलतीच देखणी केलेली आहे. हिंसेने थकवणारा गेम हिंसेला इतकं चवदार करतो तेव्हा माझा विश्वास डळमळतो. लांबीही नको इतकी आहे.

पण शेवट. गेममध्ये मधूनमधून एली गिटार वाजवते. सूर निवडायचे आणि तारा छेडायच्या त्या तुम्हीच. सूडाच्या अखेरच्या झटापटीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात. रिकाम्या घरी परतून ती पुन्हा गिटार घेते. तुम्ही तेच करता जे आधी केलंत, आणि सूर तुटतात. प्रश्न ४ मध्ये हातांकडे बघा म्हटलं ते यासाठी. सूडाची किंमत इथे कुणी बोलत नाही, ती तुमच्या बोटांना कळते.

९. काही गेम खेळणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवतात. ते कितपत प्रामाणिक?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी ‘स्पेक ऑप्स: द लाइन’बद्दलच असतो. बर्लिनच्या यागर स्टुडिओचा २०१२ चा हा गेम वाळूखाली गाडल्या गेलेल्या दुबईत घडतो. दिसायला अगदी नेहमीचा लष्करी शूटर. मध्यावर तुम्ही पडद्यावर पांढरे ठिपके बघत व्हाइट फॉस्फरस या माणसं जाळणाऱ्या रसायनाचा मारा करता, आणि मग जळालेल्या प्रेतांमधून चालत जाताना कळतं की तिथे निर्वासित होते, आया होत्या, लेकरं होती. पुढे गेम लोड होतानाचे संदेशही बदलतात. आधी खेळाच्या सूचना देणारा पडदा आता तुम्हाला टोमणे मारू लागतो.

आक्षेप उघड आहे: मारा केल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही, मग दोष माझा कसा? बाजू घेणारे म्हणतात, खेळणं थांबवायचा पर्याय होताच की. हे मला निम्मंच पटतं. पैसे घेऊन तिकीट द्यायचं आणि आत आल्याबद्दल रागवायचं, असं ते होतं. ‘द लास्ट ऑफ अस’मध्येही पर्याय नाही, पण तिथे ओझं जोएलवर आहे, तुम्ही साक्षीदारही आहात आणि हस्तकही. ती जागा जास्त अवघड, म्हणून जास्त खरी. तरीही सगळे शूटर एकाच साच्यातून निघत होते त्या काळात हा गेम आला, हे विसरू नये. जानेवारी २०२४ मध्ये परवान्यांची मुदत संपल्यामुळे त्याची ऑनलाइन विक्री बंद झाली.

१०. निवड करायला देणारा गेम जास्त प्रौढ नसतो का?

निवडीचा जमाखर्च झाला की नाही. ‘बायोशॉक’मध्ये लहान मुली भेटतात. त्यांना मारून जास्त शक्ती मिळवा, किंवा वाचवून कमी. ऐकायला भयंकर. पण वाचवत गेलात तर मधूनमधून भेटी मिळतात आणि तूट बरीचशी भरून निघते. मग विवेक कसला, वजाबाकी ती.

उलट उदाहरण २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चं. १८९९ सालची अमेरिका, टोळीतला दरोडेखोर आर्थर मॉर्गन. सुरुवातीच्या एका मोहिमेत त्याला कर्जवसुलीसाठी एका गरीब, खोकणाऱ्या माणसाला बदडायचं असतं. ठोसे तुम्ही मारता. तो माणूस आर्थरच्या तोंडावर खोकतो. तुम्ही विसरून जाता, कारण पुढे कित्येक तास घोडे, दरोडे, शिकार. मग आर्थरला खोकला सुरू होतो. क्षय. त्या दिवशीचा.

इथे निवड नव्हतीच. पण किरकोळ वाटलेल्या एका कामाचं फळ इतक्या उशिरा, इतकं निमूट येतं की कर्म या शब्दाशिवाय दुसरा शब्द सुचत नाही. आणि हे लांबलचक गेमलाच जमतं. दोन तासांच्या चित्रपटात तो खोकला प्रेक्षकाच्या लक्षात राहिला असता.

११. ‘कॉल ऑफ ड्यूटी’तल्या विमानतळाच्या मोहिमेचं काय? ती कला की सवंगपणा?

२००९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’मधली ‘नो रशियन’. तुम्ही अतिरेक्यांत मिसळलेले हेर, आणि समोर नि:शस्त्र प्रवासी. गोळी न झाडता नुसतं चालत राहता येतं. मोहीम वगळण्याचा पर्यायही सुरुवातीलाच विचारला जातो. रशियातल्या आवृत्तीतून ती काढून टाकली. कल्पनेत दम होता. पण नंतर शोकाला क्षणभरही जागा नाही; लगेच पुढचं मैदान, पुढचा पाठलाग. स्त्रीपर्व नाही (प्रश्न ५).

त्याच मालिकेच्या २००७ च्या गेममध्ये याहून कितीतरी सरस एक प्रसंग आहे. अणुस्फोटानंतर तुमचा सैनिक कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून सरपटत बाहेर येतो. तुम्हाला वाटतं आता पळायचं. तो चार पावलं टाकतो आणि मरतो. हातात कंट्रोलर असून काहीच करता येत नाही. जेमतेम मिनिटाचा ऐवज.

१२. मग छोटे, स्वतंत्र गेम हे सगळं जास्त चांगलं करत नाहीत का?

पुष्कळदा करतात. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) वेढ्यात सापडलेल्या शहरातल्या सामान्य माणसांचा गेम आहे. त्यामागे बोस्नियाच्या युद्धातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्याच्या आठवणी आहेत. कुणाच्या घरातून औषध चोरलंत तर तुमचं पात्र खचतं, जेवत नाही, कोपऱ्यात बसून राहतं. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घ्यायचं जाहीर केलं.

पण ब्लॉकबस्टरपाशी एक गोष्ट असते जी छोट्या गेमपाशी नसते: पराक्रमाच्या अपेक्षेने आलेला प्रचंड जमाव. २०१६ च्या ‘बॅटलफील्ड १’ची सुरुवात बघा. पहिल्या महायुद्धातल्या खंदकात तुम्ही लढता आणि मरता. पडद्यावर त्या सैनिकाचं नाव आणि जन्ममृत्यूची सालं. मग दुसरा सैनिक, पुन्हा मृत्यू, पुन्हा नाव. नंतरचा गेम नेहमीच्या वळणावर जातो हे खरं. पण मौज करायला आलेल्या लोकांना दारातच अडवून मेलेल्यांची नावं वाचायला लावणं, हे ज्याच्या दारात गर्दी आहे त्यालाच करता येतं.

१३. हिंसक गेम खेळून माणूस हिंसक होतो, त्याचं काय?

तो वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर काहीही आलं तरी गेम कलात्मक ठरत नाही की टाकाऊ ठरत नाही. तरी सांगतो: अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटलं की आरडाओरडा, धक्काबुक्की अशा आक्रमक वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही.

१४. माझा १४ वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘हा गेम म्हणजे कला आहे’. मग खेळू देऊ?

मुलगा हुशार आहे. तरी नाही. कला असणं आणि वयाला झेपणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. वर ज्यांचं कौतुक केलंय त्यांतले बहुतेक गेम मुलांसाठी नाहीतच. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ शेजारी बसून बघा, त्याच्याशी बोला, मग ठरवा.

१५. शत्रू माणूस नसेल तर? झॉम्बी, भुतं, रोबो?

तर बहुधा स्टुडिओने पळवाट काढलीय. ज्याला मारताना विचार करावा लागत नाही असा शत्रू हवा असतो, म्हणून तो आधीच मेलेला असतो. पण ‘डूम’सारखा गेम ही पळवाट लपवत नाही. तो म्हणतो, हे राक्षस, ही बंदूक, हे संगीत, नाचा. त्याच्याकडून मी शोकाची अपेक्षा करत नाही, आणि गंभीरतेचा आव आणणाऱ्या डझनभर युद्धगेमपेक्षा तो मला प्रामाणिक वाटतो. अडचण होते ती झॉम्बी मारायचे आणि भाषण मानवतेवर करायचं, अशा गेमची.

१६. मी गेम खेळत नाही. यूट्यूबवर पाहून मत बनवलं तर चालेल?

कथेबद्दल चालेल. ‘द लास्ट ऑफ अस’ची तर २०२३ पासून टीव्ही मालिकाही आहे, आणि चांगली आहे. पण रुग्णालयातला प्रसंग मालिकेत पाहताना तुम्ही जोएलला थांबवू शकत नाही. गेममध्ये तो तुमच्याशिवाय हलूच शकत नाही. तो फरक पाहून कळत नाही.

१७. बरं, पटलं. सुरुवात कुठून करू? बोटं काही चपळ नाहीत.

‘शॅडो ऑफ द कोलोसस’ची २०१८ ची नवी आवृत्ती घ्या, बटणं कमी, घाई कमी. पहिला-दुसरा प्राणी पडेपर्यंत चिडचिड होईल, ती होऊ द्या. मग ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग, सगळ्यात सोप्या पातळीवर, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या भागात तर डोळ्यांना, कानांना, हातांना सोयीच्या ६० हून अधिक सेटिंग आहेत. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मात्र सुट्टीसाठी ठेवा. पहिले दोनेक तास बर्फात, घोड्याच्या चालीने जातात, आणि तिथेच बरेच जण सोडून देतात.